निळीसाठी बहिरा

३० नोव्हेंबर १९९७, रविवार. शहागड

खत कंपनीच्या एजंटानं ही डायरी जानेवारीत दिली, तेव्हापासून ती दुकानात कापड मोजायच्या गजाखाली दबून पडली होती. अकरा महिने काही घडलं नाही असं नव्हे. पण जे घडायचं ते भुजंगच्या हॉटेलात बोलून संपायचं. आजचं बोलून संपेना म्हणून लिहायला बसलो.

दुपारी एसटीडी बूथवाल्यानं रस्त्यापलीकडून हाक मारली, मुंबईहून फोन. सूत परदेशी पाठवणाऱ्या मॅडम होत्या. म्हणाल्या, नमुना पास झाला. चाळीस किलो हातसूत निळीत रंगवून पाहिजे, वीस जानेवारीच्या आत. अट एकच, केमिकलचा कण नको. तिकडं परदेशात लॅबमध्ये तपासतात. सापडला तर शहागडला परत फोन येणार नाही. मी म्हणालो, "मॅडम, बिलकुल फिकीर करू नका." फोन ठेवला आणि पैसे न देताच तिथल्या स्टुलावर बसून राहिलो. बूथवाला म्हणाला, "कोण वारलं काय, शेठ?"

मी अठराव्या वर्षी डोक्यावर गाठोडं घेऊन निघालो. अंतरवालीपासून आष्टीपर्यंत उन्हातान्हात लुगडी विकली. आता हायवेला दुकान आहे, वर पाटी आहे. पण जन्मभर दुसऱ्यानं विणलेलं, दुसऱ्यानं रंगवलेलं विकलं. माझं स्वतःचं म्हणून एक सूतसुद्धा नाही. हे मला पन्नाशीनंतर टोचायला लागलं.

उन्हाळ्यात भुजंगच्या हॉटेलात माझ्या पाठीमागं दोन एजंट बोलत होते की जर्मनीनं काही रंगांवर बंदी घातली, आता तिकडं झाडपाल्याच्या रंगाचं सूत मागतात. माझे कान तिखट आहेत. चहा निवला तरी मी पाठ फिरवली नाही, सगळं ऐकून घेतलं. मग आष्टीच्या चांगुणाबाई निराळीला शोधून काढलं. पंचाहत्तरीची म्हातारी. पिढीजात निळीचा धंदा. नवरा गेल्यावर वीस वर्षांत तिनं निळीला हात लावला नव्हता. मी विचारलं तर म्हणाली, "नीळ लावायची म्हणजी दुभती म्हैस बांधण्यावानी हाय, बद्री. जमंल का तुला?" मी म्हणालो, "मावशी, मला काय जमलं नाही आजवर?"

दुकानामागं पत्र्याचं शेड केलं, दोन रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरले. निळीच्या वड्या मद्रासकडून मागवल्या. चुना, गूळ, शिजवलेलं तरोट्याचं बी. आठव्या दिवशी पाणी पिवळट हिरवं झालं आणि वर तांब्यासारखी साय धरली. मावशीनं पहिली लडी बुडवून वर काढली तर हिरवी, कोथिंबिरीसारखी. मी म्हणालो, बुडालो. ती म्हणाली, "दम खा, वारं लागू दे." वारं लागलं आणि माझ्या डोळ्यांदेखत लडी एका टोकाकडून निळी होत गेली. दुकानात गिऱ्हाईक थांबलं होतं, तरी मी लडीच बघत बसलो. माझ्या बाबतीत हे विरळाच.

फोनचं घरी सांगितलं. द्वारका म्हणाली, "मला बी दावा ना एक डाव, रंग कसा चढतो ते." मी म्हणालो, "तुझं तिथं काय काम?"

५ डिसेंबर, शुक्रवार

बारा किलो झालं. अठ्ठावीस राहिलं. वेळ भरपूर आहे, तरी जीव जागेवर नाही. गिऱ्हाईक समोर असतं, हातात कापडाचं थान असतं आणि मन शेडात.

रांजण बोलतो. कान लावला की आत बारीक चर्र चर्र ऐकू येतं, भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखं. झाकणावरून नीट कळत नाही म्हणून झाकण काढून ऐकतो. काढलंच आहे तर वेळूनं दोनचार फेरे ढवळूनही घेतो, नाहीतर साका तळाला बसेल. दिवसातून आठदहा वेळा होतं असं. मावशी आज वैतागली. "झोपलेल्या लेकराला दर घंट्याला उठवून 'बाळा, झोपला का' असं इचारतं का कुणी?" मी हसलो. म्हाताऱ्या माणसांना बोलायला काही लागतंच.

तात्या, म्हणजे तातेराव, द्वारकाचा धाकटा भाऊ, दुकानात माझ्या हाताखाली असतो. तो म्हणाला, "दाजी, येवढा खटाटोप काहून? जालन्याला हायड्रो भेटतं, रंगाऱ्याचं केमिकल. डबाभर टाकलं की सांजच्याला निळंशार. कोणाला काय कळतं?" मी म्हणालो, "मला कळतं ना." त्यानं खांदे उडवले.

९ डिसेंबर, मंगळवार

नीळ नासली.

सकाळी झाकण काढलं तर वर साय नाही, फेस नाही. पाणी शाईसारखं काळंनिळं आणि वास आंबट. दुसऱ्या रांजणाची तीच गत. लडी बुडवली, काढली, वाऱ्यावर धरली. राखेचा रंग. पिळली तर तोही उतरला, भांडी घासलेल्या पाण्यासारखा.

मी सगळी कारणं धुंडाळली. थंडी वाढली आहे, हे एक. गूळवाल्यानं भेसळ केली असेल, दोन. बोअरचं पाणी जड, तीन. तरोट्याचं बी जुनं. चुना हवा लागून मेलेला. गूळवाल्याशी तर भांडूनही आलो. मावशी रांजणाशेजारी बसून होती, नुसती माझ्याकडं बघत. म्हणालो, "मावशी, बोला ना काहीतरी. तुमचा काय अंदाजा?" म्हणाली, "मला म्हायती हाय काय झालं ते. पण तुला सांगून उपेग न्हाई."

संध्याकाळी पाच वेळा झाकण काढून पाहिलं. फरक नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

आज मावशीनं जे सांगितलं ते लिहिताना मलाच हसू येतंय. पण हसण्याची वेळ नाही.

म्हणाली, "आमच्या लोकात रीत हाय. नीळ नासली की गावात एक खोटी आवई सोडायची. जेवढ्या तोंडातून जाईल तेवढी नीळ उठती. माझ्या सासऱ्यानं सोडल्ती, माझ्या मालकानं सोडल्ती."

"कसली आवई?"

"आयकणाऱ्याला दुसऱ्याला सांगितल्याबिगर ऱ्हावलं न्हाई पाहिजे, अशी. पण कोणाच्या लेकीसुनंवर न्हाई, कोणाच्या पोटावर न्हाई. सवताच्याच जिवावरची पाहिजे. आन शेवटची लडी सुकंस्तोवर फोडायची न्हाई. फोडली की नीळ कायमची मेली."

उठता उठता, पदर झटकता झटकता म्हणाली, "आन हां, तवर ज्यानं आवई सोडली त्यानं शेडात पाय ठिवायचा न्हाई. झाकणाला हात न्हाई. ते बी रीतीतच हाय."

मला हे शेवटचं काही पटलं नाही. खोटं बोलण्याचा आणि झाकणाचा काय संबंध? पण वीस जानेवारी समोर दिसतेय. दुसरा काही इलाज माझ्याजवळ आहे का? नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

पहिली आवई सोडली होती की सिनेमावाले माझ्या दुकानातून कपडा नेणार आहेत. बाजारभर झाली. दोन बाया हिरॉईननं घेतलेलं पातळ मागायला आल्या, एक खपलंही. रात्रीच्या आत मावशीपर्यंत पोचली. "ही आवई हाय का जाहिरात? नीळ तुझ्यावर थुंकली बी न्हाई. सवताचं नुकसान व्हईल अशी सोड."

चौपन्न वर्षांत स्वतःचं नुकसान होईल असं खोटं मी बोललेलो नाही. सवय नाही. डोकं चालेना.

१५ डिसेंबर, सोमवार

सुटलं कोडं. तेही आपोआप.

सकाळी भुजंगच्या हॉटेलासमोर रस्ता ओलांडत होतो, डोक्यात आवईच. मागून बीडकडचा ट्रक हॉर्न देतोय, माझं ध्यान नाही. ड्रायव्हरनं ब्रेक मारला, वर शिव्या. भुजंग भट्टीपासून ओरडला, "बद्रीशेठ! मरायचं का? बहिरा झाला का काय?"

मी त्याच्याकडं बघितलं. काय सुचलं कोण जाणे, कानामागं हात धरून म्हणालो, "आं?"

भुजंगचा झारा तसाच राहिला. जवळ येऊन ओरडला. मी पुन्हा, "आं?" मग तोंड बारीक करून म्हणालो, "भुजंगा, सकाळपासून दोन्ही कान बंद हायती रे. सांगू नको कोणाला."

सांगू नको म्हणालो म्हणजे दुपारपर्यंत अंबडला पोचायला हरकत नाही.

१८ डिसेंबर, गुरुवार

बहिरेपण फार गोंगाटाचं असतं. जो येतो तो ओरडतो. लसणाचं तेल तीन घरांतून आलं. चौथ्यानं कानात घालायला कशाचा तरी पाला पाठवला, तो शेळीला घातला.

आवई मोठी होतेय. मी फक्त कान बंद झाले एवढंच म्हणालो होतो. पहिल्या दिवशी ते थंडीनं झालं. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या फोनमधून शॉक बसला. आज एक बाई माझ्यासमोरच दुसरीला सांगत होती, "कोणीतरी केलंय गं त्याला. नीळ लावली ना घरात, निळीची बाधा असती." लोक माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलतात, जसं मी म्हणजे दुकानातला लाकडी पुतळा. शहागडात माझ्याइतकं कुणालाच आज माझ्याबद्दल माहीत नसेल.

भुजंगचं तेवढं लागलं. बाकड्यावर मी चहा पीत होतो, त्याला गिऱ्हाईकानं विचारलं, बद्रीशेठचं लई वाईट झालं म्हणे? भुजंग म्हणाला, "माणूस लाखाचा. पण कव्हा कोणाचं आयकून घेतलं त्यानं? आता बहिरा झाला तर फरक काय पडला?" सगळे हसले. मी चहा पीत राहिलो. साखर कमी होती, तेही बोलवेना.

शेडात जात नाही. दहा पावलांवर शेड, आणि जात नाही. थानं उलगडतो आणि परत घड्या घालतो.

२२ डिसेंबर, सोमवार

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. द्वारका मागच्या दारात तुरीच्या शेंगा सोलत बसली, मी गल्ल्यावर. चारचौघांत ती माझ्याशी मोठमोठ्यानं हातवारे करून बोलते, पण आता कोणी नव्हतं, तर शेंगांकडं बघत हळू आवाजात एकटीच बोलायला लागली.

"सत्तावीस वर्षं झाली. दर दिवाळीला मला दुकानात न खपलेलं. पिवळं न्हाई खपलं, की पिवळं मला. जांभळं न्हाई खपलं, की जांभळं. मला निळं पाहिजे व्हतं. लग्नात बी निळंच मागितलं व्हतं मी. पण निळं खपायचं ना. मंग ते मला कव्हा भेटणार?"

एक शेंग सोलली. "आन इचारलं बी न्हाई कव्हा."

मी गज घेऊन कापड मोजायचं सोंग करत राहिलो. बिचारी. मला ऐकू येत नाही म्हणून मन मोकळं करून घेतेय. हे मला माहीत नसतं तर बरं झालं असतं. पण खरंच, निळं कधीच उरायचं नाही. मी तरी काय करू?

मग म्हणाली, "सदऱ्याची गुंडी बी चुकीच्या काजात हाय." ती उठून आत गेल्यावर मी गुंडी नीट लावली. परत आली तेव्हा माझ्याकडं बघून तिला कशाचं तरी हसू आलं.

तिची नखं निळसर दिसली. थंडीनं रक्त गोठतं असं. मोठ्यानं सांगितलं, स्वेटर घाल.

२६ डिसेंबर, शुक्रवार

आता काय करावं?

सकाळी तात्या आणि कडूबा ड्रायव्हर गल्ल्याला टेकून बोलत होते. मी समोर. कडूबा म्हणाला, "शेठ?" तात्या म्हणाला, "तोफ लाव कानाला. काय फरक पडत न्हाई."

मग तात्या म्हणाला, "सोमवारी जालन्याहून येताना हायड्रोचा डबा आण. पाच किलोचा. म्हातारी जेवायला गेली की मी रांजणात टाकतो. तिला वाटंल तिची नीळ उठली, दाजीला वाटंल देव पावला. सगळे खूश."

"आन पकडलं तर?"

तात्यानं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "कडूबा, दाजीनं साऱ्या गावाला सांगून ठिवलंय. वीस तारखेला माल न्हाई गेला तर हा माणूस हायवेवर तोंड दाखवणार न्हाई. माझ्या बहिणीनं मंग काय करायचं? आधीच बहिरा."

म्हणजे पोटात पाप नाही. पाप असतं तर सोपं होतं, कानाखाली वाजवली असती.

आता बोललो तर आवई फुटली, नीळ मेली. नाही बोललो तर डबा पडला, मॅडमला दिलेला शब्द मेला. आणि सूत निळं झालं तरी ते माझं नाही. दुसऱ्यानं रंगवलेलंच पुन्हा.

२९ डिसेंबर, सोमवार

कडूबाचा ट्रक साडेअकराला आला. मी अकरापासून रस्त्यावर उभा. तात्याला मुद्दाम बँकेत पाठवला होता. कडूबानं इकडंतिकडं पाहिलं, तात्या नाही. मग माझ्यासमोर येऊन हातानं मिशा पिळून दाखवल्या, म्हणजे तात्या, आणि डबा पुढं केला. मी मान हलवली, घेतला.

डबा माझ्या ट्रंकेत आहे, कुलूप आहे, किल्ली जानव्याला बांधतात तशी गळ्यातल्या माळेला बांधली आहे. हे मी त्याच ट्रंकेवर बसून लिहितोय.

२ जानेवारी १९९८, शुक्रवार

तात्यानं तीन दिवस डबा शोधला. पोत्यांखाली, माळ्यावर, भुजंगच्या भट्टीमागं. कडूबा शपथेवर सांगतो की दिला. तात्या माझ्यासमोर उभा राहून ओरडतो, "दाजी! डबा! डबा!" आणि हातांनी केवढा ते दाखवतो. मी उठून त्याला जेवणाचा डबा आणून दिला. तेव्हा त्यानं माझ्याबद्दल जे शब्द वापरले ते लिहीत नाही. त्याची बहीण या घरात राहते.

पण आज म्हणाला, आता सोमवारी स्वतःच जातो जालन्याला. संध्याकाळी मावशीचं अंग तापलेलं दिसलं, आणि रस्ता सापडला. बहिऱ्याच्या मोठ्या आवाजात सगळ्यांदेखत म्हणालो, "तात्या! मावशीला आष्टीला सोड! ताप उतरंस्तोवर तिथंच ऱ्हा! तिचं काही बरंवाईट झालं तर तुझ्या बहिणीला तोंड दाखवू नको!" बहिऱ्याशी वाद घालता येत नाही, हा एक फायदा. पहाटेच्या गाडीनं दोघं जाणार.

निजायला जाताना मावशी द्वारकाच्या कानाशी बराच वेळ काहीतरी बोलत होती. एवढ्या हळू की मलासुद्धा ऐकू आलं नाही. भाजीबद्दल असेल.

५ जानेवारी, सोमवार

तात्या गेला हे चांगलं. मावशी गेली हे वाईट. रांजणांजवळ कोणी नाही. तीन दिवस. नीळ उठायला लागली होती का, मेली, काही कळायला मार्ग नाही. पंधरा दिवस राहिले.

आज राहवेना. जेवण टाकून उठलो. द्वारका घरात नव्हती, देवळात गेली असेल. हल्ली फार जाते. शेडाच्या दारापर्यंत गेलो. कडीला हात लावला. एकदाच बघायचं, झाकण इतकंसं सरकवून, फक्त कान लावून. कोण बघतंय?

तेवढ्यात आतून आवाज आला. वेळू पाण्यात फिरल्यासारखा, फार सावकाश. फेस मोडणार नाही इतका सावकाश. चार फेरे. मग शांत. मग ते चर्र चर्र.

आत तर कोणी नाही. मावशी आष्टीला. म्हणजे नीळ आपोआप हालतेय. आवईचा गुण असा असतो तर. अंगावर काटा आला. मी कडी सोडली आणि उलट पावली दुकानात आलो.

असं मी आयुष्यात पहिल्यांदा केलं. दारापर्यंत जाऊन परत आलो.

८ जानेवारी, गुरुवार

काही नाही. थानांच्या घड्या. भुजंग माझ्याशेजारी येऊन बसला, ओरडला नाही, काही विचारलं नाही. चहात साखर जास्त टाकून आणला होता. बराच वेळ बसला आणि गेला.

११ जानेवारी, रविवार

सकाळी नऊच्या गाडीनं मावशी आणि तात्या परत आले. मी दुकानाच्या पायरीवर रस्त्याकडं तोंड करून बसलो होतो. दोघं मागच्या बाजूला गेले. अर्धा तास काहीच नाही. कान असे लावले होते की पलीकडच्या पंक्चरवाल्याचा श्वास ऐकू यावा.

मग पाठीमागं चपलांचा आवाज. मावशी. दोन पावलांवर थांबली.

"बद्री," ती म्हणाली. नेहमीच्या आवाजात, ओरडली नाही. "नीळ उठली."

मी हललो नाही. पायरीची कड धरून ठेवली.

"तांब्यावानी साय धरली दोन्ही रांजणात. लडी काढली, हिरवीगार. असा रंग माझ्या मालकाच्या हातनं बी न्हाई पाह्यला मी. आयकतो का?"

ट्रक गेला एक. मी ट्रककडं बघितलं. डोळ्यांतून पाणी येत होतं ते येऊ दिलं. धूळ उडतच होती.

मावशी म्हणाली, माझ्याशी नाही, मागं कोणाशी तरी, "बराबर. आता टिकंल."

मग खांद्यावर हात पडला. बहिऱ्याला हाक मारायची तीच रीत. तेव्हा मात्र वळता येतं. खांद्यावर बघितलं तर हात मनगटापर्यंत निळा होता, ओला, सदऱ्यावर पाच बोटं उमटलेली.

पण तो हात मावशीचा नव्हता. त्यात हिरव्या बांगड्या होत्या, मीच दिलेल्या.

द्वारका म्हणाली, एकदम मोठ्यानं, हातवारे करून, "चला! बघायला! लांबून!"

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

लोक तिळगूळ हातावर ठेवतात आणि कानात ओरडतात, गोड बोला. ऐकू आलं असं अजून दाखवता येत नाही.

एकोणीस किलो झालं, म्हणजे एकूण एकतीस. द्वारका आणि मावशी बुडवतात, तात्या पिळतो आणि वाळत घालतो. तात्याला आष्टीत मावशीनं काय सांगितलं कोण जाणे, डब्याचं नाव काढत नाही. मी दोरीपर्यंत जातो, पुढं नाही. रीत म्हणजे रीत.

द्वारकाला इतकं कसं येतं? आठ दिवसांत? मावशीला विचारायचंय. उत्तर ऐकता आलं की विचारीन.

१८ जानेवारी, रविवार

शेवटची लडी सकाळी सुकली. मावशीनं ती हातात घेतली, गालाला लावली, आणि मला मानेनं खूण केली. आवई संपली. चाळीस किलो बांधून तात्या गाडीनं निघाला. गठ्ठ्यात केमिकलचा कण नाही. डबा अजून ट्रंकेतच आहे, उद्या कडूबाला परत देईन आणि त्याचं तोंड कसं होतं ते बघीन.

बहिरेपण सोडून पहिला शब्द कोणाशी बोलावा? भुजंगशी बोललो असतो तर गंमत झाली असती. पण पाय घराकडं वळले.

द्वारका चुलीपुढं बसली होती. मी दारात उभा राहिलो आणि महिनाभरानंतर नीट, हळू आवाजात विचारलं, "कोणता निळा?"

तिनं भाकरी उलटली. मान वर केली नाही. "दोन बुड्यांचा. फिका. उजाडायच्या आधी आभाळ असतं ना, तसला."

"कोऱ्या सुताच्या दोन लड्या मागं ठेवल्यात मी. पैठणला विणून घेतो."

"दोन न्हाई पुरायच्या. आठ तरी लागतील. आन निळीत मीच बुडवणार."

"बरं."

मग जेवलो. हात धुतले. गल्ल्यावर येऊन हे लिहितोय आणि एक गोष्ट डोक्यातून जात नाही. महिनाभर बहिऱ्या नवऱ्याबरोबर राहिलेली बाई, नवरा एकदम बोलला तर दचकायला पाहिजे. भाकरी हातातून पडायला पाहिजे. ती दचकली नाही. का दचकली नाही? दुपारपासून विचार करतोय.

विचार करता करता उठलो आणि शेडाकडं निघालो. आता आवई संपली, आता बघायला काय हरकत आहे? दारात द्वारका उभी, हात कोपरापर्यंत निळे. म्हणाली, "झाकण नका काढू. आत्ताच निजवलीय."

मी परत येऊन बसलो.